बारा काळांचं भजन

लोकांना हसू आलं की किस्से आठवतात. मला राग आला की आठवतात! आणि सध्या मुंबईत राग यायला काही कमी नाही, त्यामुळे किस्से नुसते साचत चाललेत. चाळीच्या नळाखाली खरकट्या भांड्यांचा ढीग असतो ना, तसे. एक काढायला जावं तर वरची चार धडाधड खाली. काल इराण्याकडे मित्रांना एक सांगायला गेलो आणि चहाचा बर्फ झाला. म्हणून म्हटलं, एकदाचे सगळे घासून टाकू.

सगळे किस्से एकाच टोळक्याचे. टोळकं म्हणजे लालबागच्या परब बुवांचा इंग्रजीचा क्लास. आणि सगळ्या रागाचं मूळही एकच. इंग्रजीतले काळ! आपल्या आज्यापणज्यांचं अख्खं आयुष्य भूत, वर्तमान, भविष्य या तिघांत भागलं. साहेबाला बारा लागतात! बरं, साहेब गेला बोटीत बसून. बारा काळ इथेच ठेवून गेला, आमच्या नोकऱ्यांच्या दारात उभे करून.

* * *

आधी माझंच ऐका. बुवांकडे जायच्या आधीची गोष्ट. फोर्टमधल्या एका ऑफिसात इंटरव्ह्यू. समोर तीन माणसं. मधल्यानं विचारलं, मुंबईत कधीपासून राहता?

मी छाती काढून सांगितलं, "आय अ‍ॅम लिव्हिंग इन बॉम्बे सिन्स बर्थ!"

तिघं एकमेकांकडे बघून हसले. मधला म्हणाला, "म्हणजे जन्मापासून चुकतायत."

हे मराठीत म्हणाला बरं का! माझी चूक माझ्याच भाषेत माझ्या तोंडावर फेकली. मला धड राग पण काढता आला नाही, कारण राग इंग्रजीत काढायचा तर पुन्हा काळ शोधा!

जिना उतरताना डोक्यात नुसती भट्टी. आम्ही जन्मापासून मुंबईत. मुंबई कुणाची ते दिल्लीत ठरणार. आणि मी इथे कधीपासून राहतो एवढं सांगायचं तर हॅव बीन पाहिजे!

* * *

माझ्याच चाळीत, गिरगावात, नंदू राहतो. पिढीजात कारकुनाचं घर. आजोबा कारकून, वडील कारकून. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. अप्पांचं इंग्रजी एवढं कडक की चाळीतली माणसं अर्ज लिहिला की त्यांना दाखवायला घाबरतात. नंदूला सगळं व्याकरण पाठ, पण आवाज असा की शेजारी बसलेल्याला वाटावं, हा मनात बोलतोय.

त्यानंच मला बुवांचं सांगितलं. "लालबागला एक बुवा आहेत. गिरणीच्या ऑफिसात लिहिण्याच्या कामाला आहेत, रात्री भजनं करतात. संध्याकाळी फुकट इंग्रजी शिकवतात. जायचं का?"

"भजनी बुवा? इंग्रजी?"

"चल तर खरं."

गेलो. तळमजल्याची खोली, भजनी मंडळाची. भिंतीला टाळ टांगलेले, कोपऱ्यात मृदंग, पेटी. खाली सतरंजीवर पाच-सात पोरं आणि एक पोरगी. बुवा मालवणचे. पान खाऊन लाल झालेलं तोंड. मला बघून म्हणाले, "ये रे झिला. आंबो खातंस?"

मला वाटलं, काय आदरातिथ्य आहे! म्हटलं, "हो."

"मगे म्हण! वर्तमानकाळ, धृपद!"

आणि मृदंगावर थाप पडली, टाळ वाजले, आणि ती सगळी पोरं एका सुरात ओरडली, "आय ईट अ मँगो! आय अ‍ॅम ईटिंग अ मँगो! आय हॅव ईटन अ मँगो! आय हॅव बीन ईटिंग अ मँगो!"

बुवांची रीतच ती. बारा काळ म्हणजे तीन कडव्यांचा अभंग. एका कडव्यात चार ओळी. शेवटच्या ओळीत शब्द मावत नाहीत म्हणून तिथे लय दुप्पट! 'आय शॅल हॅव बीन ईटिंग' आलं की टाळ असे सुटायचे, वाटायचं आता बुवा समाधी लावणार.

मी विचारलं, "बुवा, हे असं कुठे शिकवतात?"

"शिकवणत नाय म्हणान तर तू हय इलंस!" बुवा म्हणाले. "तोंड अडकला की हात हलवचो. हात कधी अडकत नाय."

* * *

ही रीत सगळ्यात जास्त लागू पडली बळीला.

बळीराम नायगावच्या चाळीतला. मॅट्रिक पास. माझ्यापेक्षा मार्क जास्त! पण गिरणीत बदली कामगार. म्हणजे रोज पहाटे गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर आत, नसेल तर आल्या पावली घरी. बाप त्याच गिरणीत, कापसाच्या खात्यात. त्या माणसाचा खोकला मी ऐकलाय. जिन्याच्या खालच्या पायरीवर सुरू व्हायचा आणि दार उघडेपर्यंत थांबायचा नाही. बळीनं एकदाच सांगितलं होतं, "मला कुठं कायमची नोकरी लागली ना मधू, की त्या दिवसापासून बापाला गेटच्या आत पाय टाकू देणार नाही."

आणि इंटरव्ह्यूत जाऊन हा गप्प! कागदावर लिहायला सांगा, एक चूक नाही. समोर माणूस बसला की 'वॉज' कुठे गेला, 'हॅज' कुठे गेला, सगळं गायब. तीन ठिकाणांहून असाच परत आला.

बुवांकडे मात्र त्याचा हात गुडघ्यावर पडला की धडाधडा बाराच्या बारा! हात थांबला की पुन्हा मुका. बुवा म्हणायचे, "हेच्या मनगटात ग्रामर आसा."

* * *

नंदूच्या घरचा किस्सा तर कहर. जेवताना भातावर आमटी ओढता ओढता हा गुणगुणायला लागला.

अप्पांनी घास थांबवला. "हे काय?"

"भजन आहे, अप्पा."

"कोणाचं?"

"पास्ट पर्फेक्ट कंटिन्युअसचं."

अप्पा ताटावरून उठले! "टाळ कुटत शिकायची भाषा आहे ती? तीन पिढ्या आम्ही इंग्रजी लिहिली, कधी मान हलवली नाही! उद्यापासून त्या लालबागला जायचं नाही!"

नंदू कधी उलटून बोलत नाही. गप्प बसला आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप आला.

पण खरी गंमत सकाळची. अप्पा मोरीत अंघोळ करत होते. तांब्या अंगावर पडायचा आवाज आला, मग दुसरा, मग तिसरा. बरोब्बर तालात! आणि आतून बारीक आवाजात, "आय हॅड बीन ईटिंग अ मँगो..."

नंदूची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आंबे आणायचेत का हो?"

* * *

आता ती पोरगी. मंदा. लालबागचीच. तिला टेलिफोन ऑपरेटर व्हायचं होतं. जीभ अशी की बुवासुद्धा जपून बोलायचे.

एका संध्याकाळी आम्ही सगळे दादरच्या सभेहून थेट क्लासला आलो. घसे बसलेले. बुवांनी पाटीवर लिहिलं, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे', आणि म्हणाले, "करा इंग्रजी."

मी म्हटलं, मस्ट बी फॉर्म्ड. नंदू पुटपुटला, शॅल बी फॉर्म्ड. बळीनं गुडघ्यावर ताल धरून आणखी तिसरंच काही काढलं.

बुवा मान हलवतायत. "बरोबर आसा, पण 'च' खंय गेलो? 'झाला पाहिजे' नाय, 'झालाच' पाहिजे. 'च'चा इंग्रजी करा!"

नंदूनं डिक्शनरी काढली पिशवीतून.

मंदा उठली. भिंतीवरचा टाळ नाही, काही नाही, सरळ हाताची मूठ करून बुवांच्या पेटीवर अशी आदळली की आतून सगळे सूर एकदम ओरडले!

"हा च!" म्हणाली. "इंग्रजीत नसेल तर मी काय करू?"

बुवांनी पेटी उघडून बघितली. दोन पट्ट्या निखळल्या होत्या. बुवा म्हणाले, "राहू दे. अर्थ पोचलो."

* * *

पुढचा किस्सा सांगताना अजून माझ्या कानशिलाच्या शिरा उडतात.

त्या दिवशी बंद होता. लालबागला दगडफेक झाली होती, राखीव पोलीस फिरत होते. मंडळाचा नेहमीचा मृदंगवाला माझगावला अडकलेला. बुवा म्हणाले, "बळी, तू बस मृदंगावर." बळी बसला, आणि काय वाजवलान! बुवा पान चघळायचे थांबले.

एवढ्यात दार धाडकन उघडलं. पोलिसांचा एक अधिकारी आणि दोन लाठीवाले. अधिकाऱ्याला मराठी येत नव्हतं. इंग्रजीत ओरडला, इथे जमाव कशाला जमवलाय?

बुवा हात जोडून म्हणाले, "वी आर लर्निंग इंग्लिश, सर." एकदम शुद्ध!

त्याला काय पटतंय? मृदंग, टाळ आणि इंग्लिश! म्हणाला, "शो मी."

आता इथे घात झाला. बुवा दर आठवड्याला नवीन क्रियापद द्यायचे. तोंडात बसलेलं असायचं ते त्याच आठवड्याचं. बळीनं घाबरून थाप मारली, आणि आम्ही सगळ्यांनी सवयीनं, एका सुरात, खच्चून,

"आय थ्रो अ स्टोन! आय अ‍ॅम थ्रोइंग अ स्टोन!"

बुवा मागून कळवळून, "मेल्यांनो, आंबो खावा! आंबो!"

पण भजन एकदा सुटलं की मधे थांबतं का? "आय हॅव थ्रोन अ स्टोन! आय हॅव बीन थ्रोइंग अ स्टोन!"

बाराच्या बारा काळांत गुन्हा कबूल!

हसता काय? आम्ही पण नंतर हसलो. पण त्याआधी लाठी पडली होती. आणि पडली कुणावर? खोलीत आम्ही सात-आठ जण ओरडत होतो, लाठी पडली एकट्या बळीच्या खांद्यावर. का, तर वाजवत होता म्हणून तो पुढारी! बुवा मधे पडले, गिरणीचा पास दाखवला, तेव्हा कुठे गेले ते.

बळी खांदा चोळत म्हणाला, "बुवा, पुढच्या आठवड्यात 'स्लीप' घेऊ या."

* * *

मला वाटलं, झालं तेवढं पुरे. पण दुसऱ्या दिवशी मंडळाचे कारभारी आले. दाजी. लाठीची बातमी चाळभर झाली होती, आणि त्या बातमीत दाजींना ऐकू काय आलं? मृदंगावर बळी बसला होता, एवढंच!

"मृदंगाक हात कोणी लावल्यान?" दारातूनच सुरुवात.

बुवा म्हणाले, "दाजी, ताल चुकलो काय?"

"तालाचा नाय म्हणत मी. देवाचा वाद्य आसा ता." मग दाजी बळीकडे न बघता, आमच्याकडे बघून, एकदम शुद्ध मराठीत म्हणाले, "त्यांच्या लोकांनी आता बुद्धाचा धर्म घेतलाय. देव सोडलेत ना त्यांनी? मग देवाच्या वाद्याला हात कशाला लावायचा?"

कसं गोड बोलतात बघा! मला असा संताप आला! याच दाजींना मी मोर्च्यात पाहिलं होतं. बळीच्या शेजारी. एकाच घोषणेला दोघांच्या मुठी वर!

बळी शांतपणे उठला. "दाजी, एक विचारू? देव सोडायच्या आधी बसवलं असतंत का मला इथे?"

दाजी टाळ मोजल्यासारखे भिंतीकडे बघत राहिले.

बुवांनी मृदंगाला नमस्कार केला. पेटी मंडळाची, ती ठेवली. टाळ मंडळाचे, ते ठेवले. पाटी तेवढी स्वतःची होती, ती काखोटीला मारली. पंधरा-वीस वर्षं ज्या खोलीत गायले त्या खोलीच्या उंबऱ्यावर उभं राहून म्हणाले,

"खोली तुमची, दाजी. ताल माझो. तुम्ही खोली घट धरून बसा!"

* * *

मग क्लास नायगावला बळीच्या चाळीच्या पॅसेजात. बळीच्या वडिलांनी एक लाकडी बाक बाहेर ओढून दिलं. मृदंग नाही, टाळ नाही. बुवा म्हणाले, "बाक आसा मां? बडवा!"

आणि खरं सांगू, बाकावर जास्त जमायचं. सगळ्यांची बोटं एकाच लाकडावर, एकाची थाप दुसऱ्याच्या हाताला कळायची. बळीचे वडील दारात बसून खोकता खोकता मान हलवायचे. पहिल्या दिवशी आत चहा झाला. बळीची आई कप घेऊन दारातच घुटमळली. बुवांनी उठून तिच्या हातातून कप घेतला, फुर्रकन घोट घेतला आणि पॅसेजभर ऐकू जाईल असं ओरडले, "वैनी, साखर कमी झाली!"

त्यानंतर चहा नेहमी गोडमिट्ट.

* * *

आणि मग ती जागा निघाली. फोर्टमधली एक मोठी कंपनी. कायमची क्लार्कची जागा. एकच! क्लासमधून आम्ही चौघांनी अर्ज केला, मी, मंदा, बळी आणि नंदू. मंदा म्हणाली, टेलिफोन मिळेपर्यंत हे तर हे. नंदूच्या अप्पांनी कुणाकडे तरी शब्द टाकला होता. "जागा आपलीच समज," असं ते नंदूला रोज सांगायचे. नंदू आम्हाला हे सांगताना बूट बघायचा.

ऑफिसात मोठा व्हरांडा, एक लांब बाक, आणि साहेबाच्या केबिनला अर्धं झुलतं दार. आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. साहेब आपल्यातलाच, मराठी. पण नाकातून असा बोलायचा, जणू लहानपणी थेम्सचं पाणी नाकात गेलंय.

माझा नंबर पहिला. त्यानं माझ्या बसलेल्या घशाकडे लक्ष दिलं आणि विचारलं, "डू यू गो टु दीज मोर्चाज?"

आणि काय झालं कोण जाणे, त्या दिवशी माझ्यावर सरस्वती, बुवा, सगळे एकदम प्रसन्न झाले! मी म्हटलं, "आय वेंट येस्टरडे, सर. आय हॅव बीन गोइंग फ्रॉम द बिगिनिंग. आय शॅल बी गोइंग टुमॉरो."

आयुष्यात पहिल्यांदा एकही काळ चुकला नाही.

"थँक यू," साहेब म्हणाला. "नेक्स्ट!"

* * *

मंदा आत गेली. साहेब विचारतो, लग्न कधी करणार? मग नोकरी सोडणार का?

मंदा म्हणाली, "सर, व्याकरण विचारा. माझ्या भविष्यकाळाला वडील आहेत."

ती बाहेर आली ती रागानं लाल. माझ्या शेजारी येऊन बाकावर आदळली. आम्ही दोघं निघून गेलो असतो, पण बळी राहिला होता आणि त्याच्यामागून नंदू.

* * *

बळी आत गेला. बाकावर आता मी, मंदा, नंदू आणि माटुंग्याचा एक मद्रासी उमेदवार, कपाळाला गंध, मांडीवर फाइल.

आतून साहेबाचा आवाज आला. "टेल मी अबाउट युवर फादर."

हलकीशी टकटक. बळीनं टेबलाच्या कडेवर बोट धरलं असणार. "माय फादर..."

"स्टॉप दॅट टॅपिंग!" साहेब खेकसला. "हात खाली. हे ऑफिस आहे, तमाशाचा फड नाही."

टकटक थांबली. बळीही थांबला.

"वेल?"

काही नाही. मला इथे बसून जणू त्याचे ओठ हलताना दिसत होते. बाहेर नुसता पंख्याचा आवाज. मंदानं माझ्या बाहीला चिमटा काढला, तिला कळलं पण नसेल.

"इफ यू कॅननॉट स्पीक," साहेब म्हणाला, "यू मे गो."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आणि तेव्हा बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक थाप पडली.

मी वळून बघितलं. नंदू! मान खाली, डोळे मिटलेले, आणि हात बाकावर. एक. मग दुसरी. तोच नायगावचा ठेका.

मग मंदाची मूठ. मग मी. लाकूड हातात घुमायला लागलं. त्या माटुंगावाल्यानं आधी आमच्याकडे बघितलं, मग झुलत्या दाराकडे बघितलं. फाइल खाली ठेवली आणि त्याची बोटं सुटली. आमच्यापेक्षा पक्की! व्हरांड्यातले टाइपरायटर थांबले.

आतून बळी.

"व्हेन आय वॉज बॉर्न, माय फादर वॉज वर्किंग इन अ मिल. ही इज वर्किंग. ही हॅज बीन कॉफिंग सिन्स आय वॉज अ चाइल्ड..."

झुलतं दार भिंतीवर आपटलं. साहेब बाहेर! तोंड लालबुंद. नाकातला सगळा आवाज पळाला आणि खाली अस्सल मराठी उरली. "काय चाललंय हे? कुणाचा बाजार आहे? कोण पुढचा? नंबर कुणाचा?"

नंबर नंदूचा.

नंदू उभा राहिला. हात बाकावरच. वाकून उभा, पण थाप चालू. आतमध्ये साहेबाच्या रिकाम्या खुर्चीसमोर बळी उभा, आणि त्याचं थांबलेलं नाही. "व्हेन आय हॅव गॉट अ जॉब, ही विल स्टॉप. ही विल सिट ॲट होम..."

"ऐकू येत नाही? नंबर कुणाचा?"

नंदूनं मान वर केली. त्याचा एवढा मोठा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"साहेब, तुम्ही आत जाऊन बसा. तो तुमच्याशी बोलतोय."